शुक्रवारची मोजणी

भिवंडी,
८ नोव्हेंबर २००९

कुणाल भोईर यांस,
जयभीम.

कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस. तुझ्या कंपनीला मेल केला, तर तक्रारीचा एक नंबर आला आणि खाली 'आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत'. तुला मेल केला, तर तू म्हणालास, ऑफिसच्या मेलवर असलं काही नको, कंपनी वाचते. चला, तुमच्याकडे वाचता येणारी माणसं आहेत म्हणायची. मग सॉफ्टवेअर लिहिताना ती कुठे गेली होती?

झालंय काय ते ऐक. तुझ्या काकांच्या, म्हणजे केसरीनाथशेठच्या कोन गावातल्या गोदामात तो मोठा सर्व्हर आहे. तुझ्याच शब्दावर त्यांनी घेतला आणि तुझ्याच शब्दावर मला त्यावर ठेवली. एका मशीनच्या पोटात सहा मशीनं चालतात, सहा भाडेकरूंचा माल त्यावर सांभाळला जातो, आणि सगळ्यावर नजर ठेवायला तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर.

शेठचा जन्म लूममध्ये गेला. लूम विकून गोदामं बांधली, पण शुक्रवारची मोजणी सुटली नाही. लूम शुक्रवारी बंद, म्हणून त्या दिवशी धोटे मोजायचे, मोटरी मोजायच्या. आता सर्व्हर मोजतात. दर शुक्रवारी मी पडद्यावरची माहिती छापून द्यायची, शेठ चष्मा लावून 'सॉकेट' ही एकच ओळ बघणार. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, हे मीच त्यांना शिकवलं. माझंच डोकं फिरलं होतं. आजवर तिथे दोन यायचे, कारण मशीनमध्ये दोन प्रोसेसर आहेत.

या गुरुवारी मी तुमची नवी आवृत्ती टाकली. शुक्रवारी ओळ आली, सॉकेट: १.

"दुसरा कुठं हाय?" शेठनी विचारलं. मी मशीन उघडून दोन्ही दाखवले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "वरचं झाकन दिसतंय. आतलं काय? मोटरीची तार काढून नुसती बॉडी ठेवनारे लई बगितले मी." सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. त्यामुळे पुढचं बोलायची गरज त्यांना पडली नाही. किल्ली काढून घेतली आणि मला घरी बसायला सांगितलं.

तुमचं सॉफ्टवेअर दोनाला एक का म्हणतं, एवढंच सांग. आणि ते शेठला सांग. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

धम्मदिना

* * *

पुणे,
१४ नोव्हेंबर २००९

धम्मदिना,

तुझं पत्र रिसेप्शनवर आलं. सगळ्यांना वाटलं, गावाहून लग्नपत्रिका आली. आमच्याकडे कागद फक्त प्रिंटरला लागतो.

आता मुद्दा. सॉफ्टवेअर अगदी बरोबर आहे. तू 'सॉकेट'च्या वरची ओळ वाचलीस का? तिथे 'नोड: २' लिहिलंय. नोड म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या शेजारची त्याची स्वतःची मेमरी, अशी एक जोडी. तुमच्या मशीनमध्ये अशा दोन जोड्या आहेत. नव्या आवृत्तीत आमची टीम सॉकेट दर नोडमागे दाखवते. दोन नोड, दर नोडला एक सॉकेट. गुणाकार केला की दोन. तिसरीतलं पोरगं सांगेल.

जगभर लोक हे सॉफ्टवेअर वापरतात आणि बोंब येते ती कोनच्या गोदामातून! लोकांना मॅन्युअल वाचायला नको, बटण दाबायला हवं. आणि काकांचं तर विचारूच नकोस. त्यांच्या हातात प्रिंटआउट देणं म्हणजे कमाल आहे तुझी. त्यांना आकडा दिसला की त्याच्यामागे चोर दिसतो. लहानपणी आम्ही भावंडं सुट्टीत जायचो, तर आंबेसुद्धा मोजून ठेवायचे.

पत्राबित्राने त्यांना काही कळायचं नाही. मी फोन करतो. दोन मिनिटांचं काम आहे. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

कुणाल

* * *

भिवंडी,
२२ नोव्हेंबर २००९

कुणाल,

केलास बरं फोन! तू काय बोललास ते मला आक्कांनी सांगितलं. तुझ्या आत्याला फोनचा स्पीकर लावून ऐकायची सवय आहे, हे तू पुण्यात जाऊन विसरलास वाटतं. शेठनी विचारलं, "तुमचा सॉफ्टवेअर चुकतो का रं?" आणि तू म्हणालास, "छे हो काका, आमचं सॉफ्टवेअर चुकत नाही." मग तुम्ही दोघं शेठच्या पोराच्या, मनोजच्या साखरपुड्याबद्दल बोललात. दोन मिनिटांचं काम होतं, खरंच दोन मिनिटांत झालं.

मॅन्युअलचं म्हणशील तर ते मी वाचलंय. सगळं. त्यात 'सॉकेट: प्रोसेसर बसवण्याच्या जागांची संख्या' एवढंच लिहिलंय. दर नोडमागे हे शब्द कुठेही नाहीत. गुणायचं आहे हे तिसरीतल्या पोराला कुणीतरी सांगावं लागतं, शहाण्या. शेठच्या गोदामाला दोन गाळे आहेत आणि दर गाळ्याला एक शटर. कुणी विचारलं शटर किती, तर तू 'एक' म्हणून मोकळा होणार? आणि वर म्हणणार, गाळे मोजले नाहीस ही तुझी चूक?

आणि 'आमची टीम' म्हणजे कोण रे? आपण डिप्लोमाला असताना तू प्रोजेक्टमध्ये कॉलेजातले संगणक असेच दर खोलीमागे दाखवले होतेस. मास्तरांनी एकूण विचारलं, तर त्यांनाच गुणाकार करायला सांगितलास. ही खोड तुझी आहे. मी ओळखते.

आता माझं ऐक. शेठच्या लूममध्ये एक रीत होती. काही हरवलं की मालक कुणाचं नाव घ्यायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्या माणसाला आत एकटं सोडायचं आणि आपण चहाला जायचं. शुक्रवारी मोजणीत वस्तू जागेवर सापडली की विषय संपला. नारळ वज्रेश्वरीला. नाही सापडली तर पोलीस. शेठना या रीतीचा भारी अभिमान आहे. म्हणतात, "मी आजपतुर कुनाची अब्रू काढली न्हाय."

मला त्यांनी ३ डिसेंबरचा गुरुवार दिलाय. चोराला देतात तसा. मी परत ठेवायचं तरी काय, सांग? आई अकलोलीच्या आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. काल मी तिच्याकडे गेले होते. इंजेक्शन घेताना एका बाईने तिला विचारलं, "सिस्टर, तुमच्या पोरीचं मिटलं का?" आई घरी येऊन नुसती भांडी घासत बसली. भिवंडीत सर्व्हरच्या खोल्या आहेत किती, आणि त्यांचे मालक सगळे एकमेकांचे व्याही. इथे एकदा नाव गेलं की मला कोण किल्ली देणार?

शेठला एक वाक्य सांग. 'काका, मशीनमध्ये दोनच आहेत, आमचं सॉफ्टवेअर आकडा चुकीचा दाखवतं.' बस्स.

धम्मदिना

* * *

पुणे,
२८ नोव्हेंबर २००९

धम्मदिना,

बरं बाई, हो. तो भाग मी लिहिलाय. झालं समाधान? आणि विचार करून लिहिलाय. काही मशीनमध्ये नोड सारखे नसतात, कुठे कमी, कुठे जास्त. तिथे नुसता एकूण आकडा काही उपयोगाचा नाही. पण हे तुला सांगून काय फायदा, तुला शटर मोजायचेत.

तू म्हणतेस तसं वाक्य मी बोलू शकत नाही. डिसेंबरात आमचं मूल्यमापन असतं. माझ्या कामात चूक आहे असं मीच तोंडाने बोललो, आणि काका ते चार लोकांना सांगणार, त्यातला एक आमच्या विक्रीवाल्याला ओळखणार. तुला नोकरीचं पडलंय, मलाही आहे. आणि काकांपुढे मी चुकलो म्हणायचं? त्या माणसाने मला आयुष्यभर 'कॉम्प्युटरवाला' म्हणून चिडवलंय. गावजेवणात माझी ओळख करून देताना सुद्धा हसतात.

त्यापेक्षा सोपं काम केलंय. सोबत सीडी आहे. सॉकेटच्या ओळीत आता एकूण आकडा येईल. रात्रीतून बदल घातलाय, कुठेही नोंद केलेली नाही, तू पण बोलू नकोस. गुरुवारी काका तुला एकटीला सोडणारच आहेत ना? उत्तम! तेवढ्यात टाकून घे. शुक्रवारी दोन येतील, काका खूश, तू खूश. एवढ्याशा गोष्टीसाठी किती कागद खर्च केलेस बघ.

कुणाल

* * *

अकलोली,
८ डिसेंबर २००९

कुणाल,

पत्ता बदललाय, बघून घे. मी आता आईकडे असते.

तुझी सीडी चालली. मला दुसरा मार्ग ठेवला होतास कुठे? खोलीत मला तेवढ्याच वेळापुरतं सोडणार होते. तरी जायच्या आधी मी शेठना स्वच्छ सांगितलं, "शेठ, मी आत फक्त सॉफ्टवेअर बदलणार आहे. मशीनला हात लावणार नाही." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "कर, कर. जे करायचं ते कर. आमी न्हाय विचारत." मनोजने शटर अर्ध्यावर ओढलं. बाहेर दोघांच्या कपबश्यांचा आवाज येत होता.

शुक्रवारी ओळ आली, सॉकेट: २.

शेठनी तो कागद सगळ्यांना दाखवला. हमालांना, ड्रायव्हरांना, वॉचमनला. मग माझ्याकडे आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, चूक सगल्यांची होते. ठेवलंस ना परत? आता कोन काय बोलनार न्हाय." मी म्हणाले, मी काही ठेवलं नाही, कारण मी काही नेलंच नव्हतं. ते हसले. "बरं, न्हाय तर न्हाय." ड्रायव्हर पण हसले. इतकं प्रेमाने मला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं.

रविवारी वज्रेश्वरीला नारळ फोडायचा होता. मी म्हणाले, सहा डिसेंबरला मी दादरला असते. तर शेठ म्हणाले, "मग सोमवारी जाऊ, तुज्यासाटी थांबतो." माझ्यासाठी! काल मी गेले नाही. किल्लीही परत घेतली नाही. शेठना ते फार लागलं म्हणे. एवढं माफ केलं तरी पोरीचा तोरा उतरत नाही.

आता ऐक, कारण हे शेवटचं मागते आहे. तुझ्या आकड्याने मला चोर केलं आणि तुझ्याच दुरुस्तीने ते सिद्ध केलं. आधी दोन, मग एक, मग मला एकटीला सोडलं आणि परत दोन. तूच सांग, तुझ्या काकांनी दुसरं काय समजायचं? ते मूर्ख नाहीत रे. त्यांच्यासमोर जे ठेवलं, त्यावरून त्यांनी सरळ हिशेब केला. खोटं ठेवलंस तू. ते एक वाक्य अजून तुझ्याकडे आहे. बोल.

धम्मदिना

* * *

पुणे,
१५ डिसेंबर २००९

धम्मदिना,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी माझी नोकरी पणाला लावून तुला सीडी पाठवली. पोलीस टळले, काकांनी माफ केलं, किल्ली परत देत होते, आणि तू ती फेकून अकलोलीला जाऊन बसलीस? वर मलाच खोटारडा म्हणतेस. तुमच्यासारख्यांचं काही करायला जावं तर ही गत.

आणि तुझ्या त्या सीडीने इथे काय घोळ झाला ते ऐक. मी केलेला बदल चुकून सगळ्यांच्या आवृत्तीत गेला. आमचे मोठे ग्राहक आपल्या प्रोग्रामात नोड आणि सॉकेट गुणतात, म्हणजे त्यांना जे करायचं ते ते बरोबर करतात. त्यांच्याकडे प्रोसेसर एकदम दुप्पट दिसायला लागले. साहेबांनी मला उभं करून झापलं. बदल मागे घेतला. आता पुन्हा पूर्वीसारखं दर नोडमागेच दिसणार, आणि यापुढे मी त्या ओळीला हात लावणार नाही.

मनोजने खोलीचं काम घेतलंय असं कळलं. ती आवृत्ती गोदामात ठेवून चालणार नाही, म्हणून त्याला मी नवी पाठवली आहे. तू आता त्यात पडू नकोस. काका ते सगळं विसरले सुद्धा. तूच उकरत बसली आहेस. त्यांना आत्ता काही सांगायला गेलो तर त्यांनाच वाईट वाटेल, की आपण उगाच माफ केलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?

इथे पुण्यात ओळखीच्यांना विचारून बघतो तुझ्यासाठी.

कुणाल

* * *

अकलोली,
२७ डिसेंबर २००९

कुणाल,

'तुमच्यासारख्यांचं' हे वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. पुण्यात कुणाला विचारू नकोस.

नोकरीचं सांगते. कल्याण रस्त्यावरच्या एका गोदामात मला घेणार होते. मुलाखत झाली, हो म्हणाले, मग त्यांनी रीतीप्रमाणे शेठना फोन लावला. शेठनी माझी तारीफ केली म्हणे. "पोरगी हुशार हाय. एकदा चुकली, पन मी माफ केली." त्यांच्या मते त्यांनी माझं भलंच केलं. गोदामवाल्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं.

काल आक्का इथे आल्या होत्या. गुडघे धरलेत, म्हणून कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायला येतात. मी त्यांना बघून वळणार होते, तर त्यांनीच हाक मारली. "ए पोरी, बस हितं. तुला सांगायचं हाय."

म्हणाल्या, मनोजने नवी आवृत्ती टाकली. परवा शुक्रवारी मोजणी झाली. कागद निघाला. सॉकेट: १.

आक्का पुढे सांगत गेल्या. किल्ली मनोजच्या कमरेला. दुसरं कुणी खोलीत गेलेलं नाही. केसरीनाथशेठनी चष्मा लावला, ओळ वाचली, कागद उलटा करून मागची बाजू बघितली. आणि म्हणाले, "मशीनच चुकला असंल. कुनालला फोन लाव."

फोन लावला. स्पीकरवर. शेठनी विचारलं, "काय रं, तुमचा सॉफ्टवेअर चुकतो का?" आणि तू म्हणालास, "हो काका, ती ओळ तशीच आहे. दोनाचा एक दाखवते. मनोजला म्हणावं, काळजी करू नको, मशीनमध्ये दोनच आहेत."

तेच वाक्य, कुणाल. मी ते तुझ्याकडे पत्र पाठवून पाठवून मागत होते. मूल्यमापन होतं, विक्रीवाला होता, काकांपुढे मान खाली घालायची नव्हती. मनोजसाठी ते तुझ्या तोंडून लगेच निघालं. मला वाटत होतं तू भित्रा आहेस. भित्रेपण मी समजून घेतलं असतं. तू भित्रा नाहीस. तुला बोलता येतं, फक्त कुणासाठी बोलायचं ते तू निवडतोस.

मनोजला कुणी गुरुवारी एकटं सोडलं नाही. शटर कुणी ओढलं नाही. नारळही आणला नाही.

मी आक्कांना विचारलं, मग शेठना माझी आठवण झाली का? आक्का म्हणाल्या, "झाली ना. मीच काडली. बोलले, केसरी, मंग त्या पोरीच्या टायमाला पन मशीनच चुकला असंल. तर बोलतो कसा, ती गोष्ट वेगली."

"काय वेगळं?" मी विचारलं.

आक्कांनी पाय पाण्यातून काढले, पदराने पुसले, चपला घातल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला म्हाईत हाय."

आहे. तुलाही आहे.

धम्मदिना